कच्चं गाणं गाणारी चिझुरु

चिझुरु कुवाबाराने सतरा वर्षांत चौदाशेच्या वर गाणी गायली आणि त्यांतलं एकही लोकांच्या कानावर पडलं नाही. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, धंदाच तसा होता. नवं गाणं बांधून झालं की ज्या पोरीच्या नावाने ते बाजारात जायचं असे, तिला शिकण्यासाठी आधी कुणीतरी ते नीट गाऊन द्यावं लागे. पोरींना स्वरलिपी वाचता येत नसे आणि जिला येई तिला वेळ नसे. मग चिझुरुला फोन जाई. ती दुपारी स्टुडिओत येई, कागदावरून नजर फिरवी, दोनदा गुणगुणे, काचेच्या खोलीत उभी राहून गाणं गाई आणि आपला चहाचा पेला आपणच विसळून घरी जाई. याला धंद्यात कच्चं गाणं म्हणत. पोरीने पक्कं गायलं की कच्चं पुसून टाकत.

कच्चं म्हणून ते कसंही गायचं नसे हं. उलट त्यात स्वतःचं तिखटमीठ अजिबात घालायचं नाही, हा पहिला नियम. लाडिक हेलकावा नाही, हुंदका नाही, श्वाससुद्धा कागदावर खूण असेल तिथेच. कारण पोरी टेप कानाला लावून शंभरदा ऐकतात आणि ऐकतात तेच खरं मानतात. कुवाबाराबाई शिंकल्या तर पक्क्या गाण्यातही शिंक येईल, असं स्टुडिओतले लोक हसून म्हणायचे. नारुमी म्हणून निर्माते होते, पन्नाशीचे, सदा घाईत आणि सदा अदबशीर. ते तर तिला तोंडावर म्हणायचे, "बाई, तुमचा आवाज म्हणजे धुतलेला पेला. काहीही ओता, त्याचीच चव लागते." हे कौतुक तिने घरी येऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "म्हणजे रिकामा. मग सरळ रिकामा म्हणायचं की!"

ही आई, तोमेबाई, एकाहत्तर वर्षांची. जूजो नावाच्या वस्तीत, बाजारगल्लीमागे दोन खोल्यांत मायलेकी राहत. म्हातारी दिवसभर लोकांच्या किमोनोंना अस्तरं लावायची आणि संध्याकाळी गल्लीतल्या न्हाणीघरात जाऊन, मानेपर्यंत गरम पाण्यात बसून, आपली मुलगी गायिका आहे असं सगळ्या बायकांना सांगायची. कुणी विचारलं, "कुठलं गाणं हो?" की ती पाण्यात जरा खाली सरकायची. तसं चिझुरुच्या नावाचं एक गाणं खरोखरच निघालं होतं, ती बावीस वर्षांची असताना. बंदरावर वाट पाहणाऱ्या बाईचं दुःख होतं त्यात. चिझुरुचा जन्म बंदराच्या गावचा, त्यामुळे बंदर तिने पुष्कळ पाहिलं होतं. दुःख अजून पाहायचं होतं. लोकांनी ते ओळखलं आणि रेकॉर्ड घेतली नाही. त्यानंतर ती या कामाला लागली आणि तिला ते मनापासून आवडलं, हे मी ठासून सांगतो. पडलेली गायिका म्हणून तिची कीव करणारे लोक मला आवडत नाहीत. तिला तिच्या स्वच्छ सुराचा अभिमान होता आणि तो अभिमान खोटा नव्हता.

कच्चं गाणं कुणी तपासत नाही, ही या धंद्यातली आणखी एक गोष्ट. तेवढा वेळच नसतो. गाणारीने काचेतून मान डोलावून "झालं" म्हटलं की झालं. चिझुरुच्या "झालं"वर सतरा वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं. थोडं जरी खटकलं तरी ती आपणहून म्हणायची, "माफ करा, पुन्हा एकदा घ्या."

सत्त्याण्णव साल उजाडलं आणि तिचा आवाज तिला दगा द्यायला लागला. सकाळी घोगरा असायचा, दुपारी सुटायचा, पण वरच्या सुरावर गेलं की मधेच फाटायचा. क्षणभर नुसती हवा, मग एकदम वर कुठेतरी बारीक चिरकल्यासारखा परत लागायचा. आईने मधात मुरवलेला मुळा दिला, भाजलेली कांद्याची पात फडक्यात गुंडाळून गळ्याला बांधली. पात बांधून चिझुरु आठवडाभर झोपली. उशीला वास लागला, गळ्याला फरक पडला नाही. शेवटी मार्चमध्ये ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर मसुरीच्या डाळीएवढा फोड होता.

"कापायला लागेल," डॉक्टर म्हणाले. "मग दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढे सहा महिने गाणं बंद."

"आणि नाही कापलं तर?"

"तर तुम्ही रोज तिथेच घासताय आणि तो रोज वाढतोय. काम काय करता तुम्ही?"

"दुकानात असते," चिझुरु म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

तिने कुणालाच सांगितलं नाही. या धंद्यात कुणाला काढून टाकत नाहीत, फोन यायचा थांबतो इतकंच. आजारी गळ्याच्या बाईला कोण बोलावील? सहा महिन्यांनी तिची जागा एखाद्या पंचविशीतल्या पोरीने घेतलेली असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी दुसरं काय करायचं?  म्हणून उंच सुरांची कामं ती काहीतरी सबबी सांगून टाळायची आणि बाकीची जीव मुठीत धरून करायची.

एप्रिलमध्ये नारुमींचा फोन आला. एकत्र गाणाऱ्या पाच मुलींचा एक संच फुटला होता. त्यातली डावीकडून तिसरी, मिनाहो नावाची, आता एकटीने गाणार होती. पहिलंच एकटीचं गाणं, तेही नाचाचं, मिनिटाला एकशे बत्तीस ठोक्यांचं. कंपनीने सगळा जीव त्या एका गाण्यावर लावला होता. पोरगी तीन महिने नाच शिकत होती आणि गाणं मात्र आदल्या रात्री बांधून झालं होतं. "उद्याच हवंय, बाई," नारुमी म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण आहे?" असं म्हटल्यावर नाही म्हणणं चिझुरुच्या जिवावर आलं.

गाणं चांगलं होतं. पहिलं कडवं खालच्या खालीच खेळायचं, मग धृपद चढायचं आणि दुसऱ्या वेळी ते आणखी एक पायरी वर जायचं. कागद पाहताच चिझुरुला ती पायरी दिसली. पहिलं धृपद तिने निभावलं. दुसऱ्या धृपदात, नेमक्या त्या पायरीवर, आवाज फाटला. हवा, आणि मग चिरकून वर. गाणं पुढे निघून गेलं आणि तिने ते शेवटपर्यंत नीट नेलं.

काचेपलीकडे नारुमी फोनवर कुणाशी तरी बोलत होते. यंत्रावरच्या माणसाने तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. पुन्हा घेऊ का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आणि चिझुरुच्या लक्षात आलं की पुन्हा गायलं तर पुन्हा फाटेल. तिसऱ्यांदाही फाटेल. मग तो माणूस विचारील, बाई, बरं नाही का? नारुमी फोन ठेवून आत येतील.

तिने मान डोलावली. "झालं," ती म्हणाली.

त्या माणसाने टेप थांबवली. कुवाबाराबाई झालं म्हणाल्या म्हणजे ते तसंच असणार, असं तो धरून चालला. चिझुरुने पेला विसळला आणि ती घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही. आई म्हणाली, "काय गं, मासा खारट झालाय का?" चिझुरु म्हणाली, "नाही." म्हातारीने तिचा मासा ओढून स्वतः खाल्ला.

एक टेप काय ती, कुणी त्या जागेकडे लक्ष देणार नाही, पोरगी आपली सरळ गाईल, अशी चिझुरुने मनाची समजूत घातली. तीन आठवड्यांनी पक्कं गाणं भरायच्या दिवशी मागची साथ गायला तिला बोलावलं. तिथे तिने मिनाहोला पहिल्यांदा पाहिलं. वीस वर्षांची, बारीक, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. तिने कमरेत पार लवून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, मी तुमची टेप रोज झोपतानासुद्धा ऐकते."

मग ती काचेच्या खोलीत गेली आणि गायली. दुसऱ्या धृपदात ती पायरी आली. मिनाहोचा आवाज फाटला, क्षणभर हवा झाली आणि चिरकून वर लागला. हुबेहूब.

स्टुडिओतले सगळे सरळ होऊन बसले. नारुमी टाळी वाजवून म्हणाले, "ही जागा! अहो, ही जागा ऐकली का? काळजात घुसते पोरगी." यंत्रावरचा माणूसही हसला. चिझुरु मागच्या बाकावर बसली होती.  तिचा आजार त्या पोरीच्या गळ्यातून, निरोगी गळ्यातून, बाहेर येत होता. आणि तो आपसूक येत नव्हता. पोरीच्या मानेच्या शिरा ताणलेल्या तिला काचेतून दिसत होत्या. तेवढं एक टोक आणण्यासाठी मिनाहो गळा आवळत होती. नारुमींनी तिच्याकडून ते सत्तावीस वेळा गाऊन घेतलं.

मधल्या सुट्टीत मिनाहो बोळातल्या चहाच्या मशीनपाशी चिझुरुजवळ आली. हळूच म्हणाली, "बाई, ती जागा तुम्ही कशी काढता? मी तीन आठवडे करतेय, पण नंतर इथे दुखतं." तिने गळ्यावर दोन बोटं ठेवली. "रात्री गिळताना टोचतं. माझं काहीतरी चुकत असणार, नाही का?"

आता सांगावं. ती जागा नाहीच, ती माझी चूक आहे, तू सरळ गा. एवढंच सांगायचं होतं. पण नारुमी दाराशी उभे होते आणि कंपनीचे दोन लोक त्यांच्याशी हसत होते.

"जास्त सराव करू नकोस," चिझुरु म्हणाली. "कोमट पाणी पी."

"हो, बाई!" पोरीने पुन्हा लवून नमस्कार केला. त्या नमस्काराची चिझुरुला इतकी लाज वाटली की ती पुढचा आठवडाभर आईच्याही नजरेला नजर देईना.

आठवड्यानंतर मात्र तिला राहवेना. ती नारुमींच्या कचेरीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. फोड, डॉक्टर, "झालं" म्हणणं, सगळं.  ऐकून झाल्यावर नारुमींनी टेबलावर पडलेलं मिनाहोच्या रेकॉर्डचं वेष्टन सरळ केलं. ते छापून झालेलं होतं.

"बाई, टेप कारखान्यात गेली," ते म्हणाले. "टीव्हीच्या तारखा ठरल्यात. आणि खरं सांगू का, रेडिओवाल्यांना ऐकवलं तर सगळे त्या एकाच जागेबद्दल बोलतात. गाणं त्या जागेवर विकलं जाणार आहे."

"पण तिचा गळा जाईल, साहेब. एकदा रेकॉर्डवर ठीक आहे. आता ती रोज नाचत नाचत, दिवसाला चार वेळा तेच करणार. माझा गळा दाखवू का तुम्हाला?"

"मी सांगतो तिला. गाणं बाहेर पडू दे, मग सांगतो. तिच्याकडून सरळ गाऊन घेऊ. शब्द देतो." नारुमी उठले आणि खूप खाली वाकले. "तुम्ही ऑपरेशन करून घ्या. तब्येतीची काळजी घ्या."

तब्येतीची काळजी घ्या, याचा अर्थ चिझुरुला समजला. फोन आता येणार नव्हता. तिला वाटलं होतं तितकं ते लागलं नाही, कारण पोरीला सांगितलं जाणार होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली ती गळ्यात पाटी अडकवून. पाटीवर आईनेच लिहून दिलं होतं, "मला बोलायला बंदी आहे." डॉक्टरांनी निघताना पुन्हा बजावलं होतं, "दहा दिवस. एक शब्द बोललात तरी जखम उसवेल. मग आवाज परत कसा येईल, येईल की नाही, ते माझ्या हातात नाही."

तोमेबाईंना तर सुगीच आली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा लेक उलट बोलत नव्हती. "भात मऊ झाला म्हणतेस? नाही ना? मग जेव." "मी शेजारच्या त्या नोगुचीणीला कंजूष म्हटलं ते बरोबरच होतं. बघ, तूही काही बोलत नाहीस." चिझुरु वहीवर काहीतरी खरडून समोर धरायची, आणि म्हातारी चष्मा सापडत नाही असं म्हणायची. नाकावरच असायचा तो.

पाचव्या दिवशी मायलेकी टीव्हीसमोर बसल्या होत्या. मिनाहोचं गाणं दोन दिवसांपूर्वी बाजारात आलं होतं. पडद्यावर ती चंदेरी पोशाखात नाचली आणि गायली, आणि दुसऱ्या धृपदात तिने गळा आवळला. स्टुडिओतल्या पोरी किंचाळल्या. मग निवेदकाने तिला शेजारी बसवून विचारलं, "काय गं, आवाज बसलाय? काल रात्री कुणाशी भांडलीस?" सगळे हसले. मिनाहोही हसली. हसताना तिने गळ्यावर दोन बोटं ठेवली. बोलली तेव्हा तिचा आवाज घोगरा होता, आणि तो घोगरेपणा कसला हे, नारुमी सोडले तर, सबंध देशात एकट्या चिझुरुला कळत होतं.

तिने वही ओढली आणि लिहिलं, "नारुमींना फोन लाव. विचार, तिला सांगितलं का?" या वेळी म्हातारीला चष्मा लगेच सापडला. तिने फोन लावला, आधी हवापाण्याबद्दल बोलली, मग विचारलं. फोन ठेवून म्हणाली, "म्हणतो, योग्य वेळी सांगणार आहे. गाणं आत्ताच वर चढायला लागलंय म्हणे. चिझुरु, हा माणूस काही सांगायचा नाही. इतकं गोड बोलणारे लोक मी खूप पाहिलेत."

चिझुरुने पत्र लिहिलं. पण असली पत्रं कचेरीत फोडतात, वाचतात आणि बरी असतील तेवढीच पुढे देतात, हे तिला माहीत होतं. ते पत्र गेलं असतं नारुमींच्याच टेबलावर. तिने ते टाकलंच नाही. वर्तमानपत्रात जाहिरात होती. रविवारी चिबाकडच्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मिनाहो दोनदा गाणार होती, एक वाजता आणि तीन वाजता. जो रेकॉर्ड विकत घेईल त्याला तिच्याशी हस्तांदोलन करता येणार होतं.

"सातवा दिवस आहे तुझा," तोमेबाई म्हणाल्या. "ऊन बघ काय आहे. आणि तिथे जाऊन करणार काय, मुक्याने?" चिझुरुने एक जाड कागद दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ती जागा गाऊ नकोस. तो माझा आजार आहे. सरळ गा. कुवाबारा." म्हातारीने तो दोनदा वाचला. मग उठून तिने भाताचे दोन गोळे बांधून दिले, आत आंबट बोरं घालून. "बोलू नकोस हं," ती म्हणाली. "काय वाटेल ते झालं तरी बोलू नकोस. तुझा आवाज मला हवाय."

गच्चीवर तीनशेक माणसं असतील. एका बाजूला नाणं टाकलं की हलणारे खेळण्यातले हत्ती आणि पांडा होते आणि त्यांवर लहान पोरं बसली होती. एक वाजता मिनाहो आली. उन्हात, त्या चंदेरी पोशाखात, ती तोल न जाऊ देता नाचली. समोरच्या रांगेतल्या पोरांनी आत्तापासूनच रीत पाडली होती. ती जागा आली की सगळे श्वास रोखायचे, तिचा आवाज फाटून वर लागला की एकदम ओरडायचे, "मिनाहो!" चिझुरुने डोळे मिटले. तिला तो फाटलेला सूर ऐकवेना. आज तो नकलेसारखा वाटत नव्हता, आपोआप फाटल्यासारखा वाटत होता.

मग रांग लागली. एका माणसाला तीन सेकंद. मिनाहोच्या दोन्ही बाजूंना दोन जाडजूड तरुण उभे होते. वेळ झाली की ते माणसाला खांद्याला धरून हलकेच बाजूला काढत. चिझुरुने रेकॉर्ड घेतली आणि ती कागद छातीशी धरून पुढे सरकत राहिली. तिच्या पुढे फक्त एक माणूस उरला तेव्हा अलीकडच्या तरुणाने तिच्या हातातला कागद पाहिला.

"बाई, काही द्यायचं असेल तर त्या पेटीत हं," तो म्हणाला. अगदी नम्रपणे त्याने कागद तिच्या बोटांतून सोडवून घेतला आणि मागच्या पेटीत टाकला. पेटी पत्रांनी भरली होती. चिझुरुने हात हलवून, गळ्यातली पाटी दाखवून सांगायचा प्रयत्न केला. "हो हो, कळलं, बोलायला बंदी आहे. तब्येतीची काळजी घ्या," तो म्हणाला आणि त्याने तिला पुढे केलं.

मिनाहोने तिचे दोन्ही हात हातात घेतले, वर पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "बाई! तुम्ही आलात!" तिचा आवाज घासत होता. "बाई, ऐकलंत का? आज जमली ना ती जागा, अगदी तुमच्यासारखी?"

एक सेकंद गेला. चिझुरुने मान हलवली. नाही, नाही. मिनाहोला वाटलं, जमली नाही असं बाई म्हणतायत. तिचा चेहरा पडला. "मी अजून सराव करीन," ती म्हणाली.

खांद्यावर हात आला.

"ती माझी चूक होती," चिझुरु म्हणाली. "सरळ गा. गळा जाईल तुझा."

गळ्यात काहीतरी कापड फाटल्यासारखं झालं आणि रक्ताची कोमट चव तोंडात आली. जो आवाज निघाला तो तिचा नव्हता, कुणाचाच नव्हता. लोखंडावर दगड ओढावा तसा होता. मिनाहो दचकली. तिने चिझुरुच्या गळ्यातली पाटी पाहिली, गळा पाहिला, मग तिची दोन बोटं आपसूक स्वतःच्या गळ्यावर गेली. तेवढ्यात तरुणाने चिझुरुला बाजूला काढलं आणि मागचा चष्मेवाला पोरगा हात पुढे करून उभा राहिला.

चिझुरु गच्चीच्या कडेच्या बाकावर जाऊन बसली. थुंकी रुमालात टिपली तर रुमाल गुलाबी झाला. आईने दिलेला गोळा तिला गिळता येईना. ती मनातून घाबरली होती, आणि तरीही ती उठून घरी जाईना. पोरीला कळलं का, हे तिला पाहायचं होतं.

तीन वाजता मिनाहो पुन्हा आली. मंचाच्या पायऱ्यांपाशी नारुमी उभे होते, हातात छत्री उघडून. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, पहिलं धृपद, नाचाचे फेरे. दुसरं धृपद आलं. समोरच्या पोरांनी श्वास रोखले. मिनाहो पायरीवर चढली आणि सरळ गायली. आवाज जरासा कमी पडला, सूर केसभर खाली राहिला, वीस वर्षांच्या साध्या मुलीचा आवाज होता तो, पण तो फाटला नाही. तो तिचा होता. चिझुरुने तिला आज पहिल्यांदा ऐकलं.

पोरांचं ओरडणं फसलं. कुणी आधी ओरडला, कुणी नंतर, काही नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. नारुमींनी छत्री मिटली, गर्दीवरून नजर फिरवली आणि ती बाकावरच्या चिझुरुवर येऊन थांबली. ते लवले नाहीत. मिनाहो उरलेलं गाणं गात नाचत राहिली. ती घाबरलेली दिसत होती आणि तिने मंचाच्या कडेला एकदाही पाहिलं नाही.

चिझुरुच्या शेजारी तो चष्मेवाला पोरगा येऊन बसला होता, पाच रेकॉर्डी मांडीवर घेऊन. तो निराश होऊन म्हणाला, "या वेळी चुकली, नाही का हो?"

नाही, आत्ताच बरोबर गायली, असं त्याला सांगायला चिझुरुने तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला. पोरगा थोडा वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला, मग पाटी वाचून ओशाळला आणि उठून गेला.